भाड्याच्या जागेतील फरशी : निवड आणि निगा

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेपुढे नव्या गाळ्यांचे अंदाजपत्रक येते, तेव्हा चर्चा बहुधा दोन गोष्टींवर रंगते. गाळ्यांची तोंडे रस्त्याकडे असावीत की चौकाकडे, आणि लिलावात भाडे कितीपर्यंत चढेल. जमिनीला कोणती फरशी घालावयाची, हा प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत निकालात निघतो. एखादा सदस्य तालुक्याच्या दुकानातून टाइल्सचे छापील नमुने घेऊन आलेला असतो. त्यांतील सर्वांत चकचकीत नमुन्यावर बोट ठेवले जाते आणि सभा चहाकडे वळते. त्या बोटाचे परिणाम पुढे पंधरा वर्षे भाडेकरू आणि पंचायतीचे कार्यालय भोगीत राहतात.

स्वतःच्या घराची फरशी निवडताना माणूस निदान स्वतःच्या पायांचा विचार करतो. भाड्याच्या जागेत फरशी निवडणारा एक आणि तिच्यावर वावरणारा दुसरा. मालकाला आजचा खर्च दिसतो. जागा आपली नसल्यामुळे ती जपण्यास भाडेकरूला विशेष कारण नसते. भाडेकरू बदलला की दुरुस्तीपायी जागा महिना दोन महिने रिकामी पडते, आणि तो तोटा कोणी हिशेबात धरीत नाही. पंचायतीचे गाळे, शिक्षक व आरोग्यसेविका यांच्यासाठी गावाने बांधलेल्या खोल्या, निवृत्तीच्या पैशांतून एखाद्या गुरुजींनी घरामागे काढलेले दोन खोल्यांचे बिऱ्हाड, या सर्वांना हे सारखेच लागू आहे. यास्तव टिकाऊ, परवडणारी, निसरडी नसलेली आणि दहा वर्षांनी गावातल्याच गवंड्याच्या हातून दुरुस्त होऊ शकणारी फरशी कोणती, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. मालाची प्रमाणे आणि दगडांच्या जाती यांचे शिक्षण महाविद्यालयात मिळाले नाही. ते बदल्यांनी दिले. नोकरीच्या निमित्ताने अनेक गावी भाड्याच्या घरांत राहण्याचा योग आला. त्यांपैकी एका तालुक्याच्या गावी मिळालेल्या दोन खोल्या नव्याकोऱ्या होत्या आणि जमिनीला आरशासारख्या पांढऱ्या टाइल्स होत्या. आम्ही सारे हरखून गेलो. मृगाचा पहिला पाऊस झाला, ओल्या चपला दारातून आत आल्या, आणि माझ्या मातोश्री स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी घसरून पडल्या. मनगटाचे हाड मोडले. पुढे काही महिन्यांनी मोरीचे काम करण्यासाठी आलेल्या गवंड्याने अंगणात पडलेली एक शिल्लक टाइल उलटी करून पाहिली आणि सहज विचारले, “साहेब, ही भिंतीची टाइल. जमिनीला कोणी घातली?” फरशीच्या विषयाकडे लक्ष वेधले गेले ते या प्रश्नाने.

फरशीखालची जमीन

फरशी खराब निघाली असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा दोष फरशीचा नसून तिच्याखालच्या भरावाचा असतो. दौऱ्यावर असताना काळ्या मातीच्या प्रदेशातील एका गावी आठ गाळ्यांची एक ओळ पाहण्यात आली. बांधकाम होऊन तीन पावसाळे झाले होते. प्रत्येक गाळ्याची जमीन मध्यभागी बशीसारखी खचली होती, टाइल्स कडेला उभ्या राहिल्या होत्या, आणि किराणा दुकानदाराने धान्याच्या पोत्यांखाली फळ्या टाकून कसेबसे भागविले होते. दोन गाळेधारकांनी भाडे थांबविले होते. पायासाठी खणलेली काळी माती फेकण्याचा खर्च वाचावा म्हणून ठेकेदाराने तीच जोत्यात परत भरली होती, असे चौकशीअंती कळले.

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. तीच माती फरशीखाली दरवर्षी हेच करते. म्हणून जोत्याच्या आतील काळी माती शक्य तेवढी काढून टाकावी आणि भराव मुरुमाचाच घ्यावा. भराव एकदम न ओतता १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी घालावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने तो ठोकून बसवावा, आणि मगच पुढचा थर घ्यावा. त्यावर दगडांचे सोलिंग आणि त्यावर १:४:८ प्रमाणातील सुमारे १० सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट ही जुनी रीत आजही बिनचूक आहे. ओल वर चढण्याचा धोका असेल, तर काँक्रीटखाली जाड प्लास्टिकचा कागद पसरावा. त्याची किंमत एकूण खर्चात नगण्य असते. वाळवीचा त्रास असलेल्या गावी तिच्यावरील औषधाची फवारणीही याच वेळी करून घ्यावी लागते. फरशी बसल्यानंतर ती तितकीशी परिणामकारक होत नाही.

हे सर्व काम फरशीखाली झाकले जाते. त्यामुळे पैसे वाचविण्याचा मोह ठेकेदाराला येथेच होतो आणि तपासणीही येथेच सैल पडते. पंचायत सदस्यांनी शाखा अभियंत्यांना एवढीच विनंती करावी की भराव ठोकून झाल्यावर व काँक्रीट पडण्यापूर्वी त्यांनी एकदा जागेवर यावे आणि त्या टप्प्याची मोजमापे मोजमाप पुस्तिकेत तेथल्या तेथे नोंदवावीत. सदस्यांपैकी दोघांनी त्या वेळी हजर राहण्यास हरकत नाही. पहार घेऊन भरावावर जोराने मारून पाहिली की तो कितपत बसला आहे हे न शिकलेल्या माणसालाही उमगते.

शहाबादीची गोष्ट

महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाचा आहे. हा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेला, कठीण आणि भक्कम. त्याचे चिरे होतात, जाती-वरवंटे होतात, पण त्याच्या पातळ लाद्या सहजासहजी सुटत नाहीत. फरशीचा दगड आपल्याकडे बाहेरूनच आला. कर्नाटकातील कलबुर्गी, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा, जिल्ह्यातील शहाबादच्या परिसरात भीमेच्या खोऱ्यातील चुनखडकाचे थर आडवे पसरलेले आहेत. छिन्नीने त्यांच्या लाद्या सरळ सुटतात. १८७१ मध्ये मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग शहाबाद, वाडी यांवरून रायचूरला जाऊन मद्रास रेल्वेला मिळाला, आणि या दगडाला मुंबई, पुणे, सोलापूर या बाजारपेठा खुल्या झाल्या. पुढे चाळींच्या खोल्या, वाड्यांची स्वयंपाकघरे, शाळांचे व्हरांडे, एसटी स्थानकांचे फलाट अशा ठिकाणी ही करडी-निळसर फरशी इतकी रुळली की गावाचे नावच दगडाला मिळाले.

भाड्याच्या जागेच्या दृष्टीने या दगडाचे गुण आजही विचारात घेण्याजोगे आहेत. तो आरपार एकाच रंगाचा असतो. वरचा थर झिजला तरी खाली तोच दगड. घासून पॉलिश केले की वीस वर्षांची फरशी पुन्हा नवी दिसते. एखादी लादी फुटली तर तेवढीच काढून दुसरी बसविता येते, आणि ती दुसरी लादी पुढच्या पिढीतही मिळते. कारखान्याच्या टाइल्सचे नमुने दोन-चार वर्षांत बाजारातून जातात. दगडाचा नमुना खाणीत आहे तोवर टिकतो. दुकानदाराच्या छापील पुस्तिकेत याचा उल्लेख येत नाही, परंतु पंधरा वर्षे जागा भाड्याने देणाऱ्यासाठी याचे मोल मोठे आहे.

अर्थात दोषही आहेत. शहाबादी पाणी आणि तेल शोषते. स्वयंपाकघरात तेलाचे डाग राहतात. हलक्या प्रतीच्या लाद्यांचे पापुद्रे सुटतात. शिवाय हा चुनखडक असल्यामुळे आम्लाशी त्याचे वैर आहे. लिंबू, चिंच, ताक सांडून राहिले की तेथे फिका डाग पडतो. शिक्षक मंडळी हा प्रयोग वर्गात करून दाखवू शकतील: लादीच्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. संडास-मोरी धुण्याच्या तीव्र ॲसिडने दगडी फरशी ‘स्वच्छ’ करण्याची जी पद्धत अनेक बिऱ्हाडांत आहे, तिने त्या फरशीचे आयुष्य किती घटते याची कल्पना यावरून यावी. साबणाचे वा धुण्याच्या सोड्याचे कोमट पाणी पुरेसे असते.

शहाबादीचेच थोरले भावंड म्हणता येईल असा दगड राजस्थानातून येतो. कोटा जिल्ह्यातील रामगंजमंडी हे त्याचे मोठे केंद्र. हिरवट-निळसर किंवा तपकिरी रंगाची कोटा फरशी अधिक घट्ट असते, पाणी कमी शोषते, आणि यंत्राने कापलेली असल्याने तिच्या कडा नीट जुळतात. पायऱ्या, व्हरांडे, वर्दळीचे गाळे यांसाठी ती उत्तम. वाहतुकीमुळे ती शहाबादीपेक्षा महाग पडते. पण राज्याच्या उत्तर भागात हे अंतर पुष्कळदा थोडे असते, म्हणून दोन्हींचे भाव विचारूनच निर्णय घ्यावा. तेलंगणातील तांदूरची फरशीही याच कुळातील. आंध्रातून येणारा काळा कडप्पा मात्र ओट्याला आणि फळ्यांना शोभतो. त्याचे थर सुटतात आणि तो ठिसूळ असतो. वर्दळीच्या जमिनीला तो घालू नये.

दगड विकत घेताना लादी हातात उभी धरून बोटाच्या पेराने वाजवावी. स्वच्छ आवाज आला तर ठीक; बद्द आवाज आला तर आत भेग किंवा सुटलेला थर आहे असे समजावे. कोपरे गुण्याला लावून पाहावेत. जाडी सारखी नसेल तर खालचा माल कमी-जास्त पडतो आणि पातळ लादी पोकळीवर बसून पहिल्या धक्क्याला तडकते. बसविल्यानंतर किमान आठवडाभर पाणी मारावे आणि त्यानंतर आणखी काही दिवसांनी पॉलिशचे यंत्र आणावे. घाईने पॉलिश केल्यास ओल्या मालावरील लाद्या हलतात.

कोबा आणि मोझॅक

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बदनाम जमीन म्हणजे सिमेंटचा कोबा. अभियंते त्याला ‘इंडियन पेटंट स्टोन’ असे भारदस्त नाव देतात. कोबा फुटतो, त्याची धूळ निघते, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते, आणि ती खोटी नाही. परंतु ती कोब्याची नसून तो करण्याच्या पद्धतीची आहे. नीट केलेला कोबा तीस वर्षे टिकलेला कोणत्याही जुन्या शाळेत पाहावयास मिळेल.

तक्रारीची कारणे तीन. पहिले, सबंध खोली एका दमात ओतणे. काँक्रीट सुकताना आकसते आणि त्याला वाट दिली नाही तर ते स्वतःची वाट काढते, तीच भेग. यासाठी जमिनीचे साधारण दीड मीटरचे चौकोन पाडावेत, मध्ये काचेच्या पट्ट्या उभ्या कराव्यात आणि एक सोडून एक चौकोन भरावा. दुसरे, माल पातळ करणे आणि मग वर आलेले पाणी शोषून घेण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरणे. या कोरड्या सिमेंटची पातळ साय होते. पुढे तीच धूळ होऊन निघते आणि झाडणीबरोबर रोज थोडी थोडी जाते. तिसरे, पाणी न मारणे. कोब्यावर वाळूच्या आळ्या करून किंवा ओली पोती अंथरून निदान सात ते दहा दिवस पाणी राहिले पाहिजे. गाळा लवकर ताब्यात द्यावयाचा म्हणून चौथ्या दिवशी पोती उचलली जातात, आणि वाचलेल्या सहा दिवसांची किंमत पुढील सहा वर्षे मोजावी लागते.

कोब्याला लाल रंग घालून घोटाई केलेल्या जमिनी कोकणात व दक्षिण महाराष्ट्रात आजही दिसतात. अनवाणी पायाला त्या सुखद असतात. मात्र अशी घोटाई करणारे कारागीर दुर्मिळ होत चालले आहेत. कारागीर गावात नसेल तर हट्ट धरू नये.

मोझॅकच्या लाद्यांचेही तसेच झाले आहे. संगमरवराच्या चुरीचा वरचा थर आणि सिमेंट-वाळूचा खालचा थर अशा या लाद्या १९६० पासून पुढची तीन-चार दशके शासकीय वसाहतींत आणि सहकारी गृहरचना संस्थांत सर्वत्र घातल्या गेल्या. ज्या जुन्या इमारतींत त्या आहेत, तेथे त्या उखडण्याचा खर्च करण्यापूर्वी एकदा यंत्राने घासून पाहाव्यात. काळवंडलेल्या लाद्यांखालून जे निघते ते पाहून कित्येक कार्यालयांनी नव्या टाइल्सचा विचार सोडून दिला आहे.

टाइल्सचे प्रकार आणि गैरसमज

आता बाजारात भर टाइल्सचा आहे. गुजरातेतील मोरबी येथून त्या देशभर जातात आणि स्वस्ताईमुळे गाळ्यांपासून देवळांपर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण सर्व टाइल्स एक नव्हेत. भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स मऊ व सच्छिद्र असतात, त्यांच्यावर काचेसारखा झिलईचा पातळ थर असतो. जमिनीच्या सिरॅमिक टाइल्स अधिक भाजलेल्या व टणक. व्हिट्रिफाइड टाइल्स याहून घट्ट. त्या स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषतात. ओळखण्याची साधी रीत म्हणजे टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचे काही थेंब टाकावेत. पाहता पाहता पाणी आत मुरले तर ती टाइल जमिनीची नव्हे. आमच्या मोरीच्या गवंड्याने हेच केले होते.

झिलई असलेल्या टाइलच्या पेटीवर किंवा माहितीपत्रकात घर्षण सहन करण्याचा दर्जा १ ते ५ या अंकांत दिलेला असतो. राहत्या खोलीला ३ पुरे, दुकानाला ४ किंवा अधिक हवा. व्हिट्रिफाइडमध्येही ज्यांचा रंग वरच्या तीन-चार मिलिमीटरपर्यंत खोल असतो अशा ‘डबल चार्ज’ टाइल्स वर्दळीला टिकतात. केवळ पृष्ठावर छापलेली नक्षी वाळूच्या पायांनी दारापाशी आधी जाते. आणि काहीही झाले तरी पृष्ठ चकचकीत नको. खरखरीत, अनाकर्षक वाटणारी मॅट टाइल घ्यावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात दमट वारा थंड फरशीला लागून तिच्यावर दव धरते. अशा वेळी पाणी न सांडताही जमीन ओली असते. तेथे चकचकीत टाइल म्हणजे वृद्धांना आणि गरोदर स्त्रियांना रोजचा धोका होय.

भाड्याच्या घरातील जमिनीवर काय काय घडते, याची यादी टाइल बनविणाऱ्याने कधी केली नसावी. गॅसचे सिलिंडर उचलून कोणी नेत नाही. ते तिरपे करून लोखंडी कडीवर गरगर फिरवीत नेतात. मसाला कुटावयाचा तर खलबत्ता जमिनीवरच येतो. लोखंडी पलंग आणि पत्र्याची ट्रंक ओढली जाते. हे सर्व सहन करण्यासाठी टाइलखाली पोकळी असता कामा नये. परंतु घाईचे गवंडी टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे मालाचे पाच गोळे ठेवून ती दाबून देतात. वरून सपाट दिसते. आत हवा असते. सिलिंडरची कडी नेमकी त्या पोकळीवर आली की कोपरा उडतो. काम ताब्यात घेण्यापूर्वी लाकडी दांडक्याने प्रत्येक टाइल वाजवावी आणि पोकळ बोलणाऱ्या टाइल्स ठेकेदाराकडून बदलून घ्याव्यात. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नसल्याने साध्या सिमेंटची पकड तिच्यावर चांगली बसत नाही. त्यासाठी टाइल चिकटविण्याचा तयार मसाला मिळतो, तो खाचांच्या थापीने सर्वत्र सारखा पसरावा. दोन टाइल्समध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून दरजा नीट भराव्यात. फट न ठेवता टाइल्स एकमेकींना भिडविल्या तर उन्हाळ्यात त्या फुगून मध्यभागी तंबूसारख्या उठतात.

जुन्या कोब्यावर प्लास्टिकचे गालिचे अंथरून जागा भाड्याने देण्याची रीत अलीकडे वाढली आहे. कोरड्या खोलीत भाडेकरूने स्वतःच्या सोयीसाठी तो अंथरल्यास हरकत नाही. मालकाने त्याला फरशी समजू नये. खालची ओल अडकून राहते आणि गालिचा उचलला की बुरशीचा वास येतो.

स्वस्त म्हणजे किती?

दर गावोगाव आणि वर्षागणिक बदलतात. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची व स्थानिक भाव पाहूनच अंदाजपत्रक करावे. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी गृहीत धरले आहेत. समजा, १० फूट × १२ फूट, म्हणजे १२० चौरस फुटांची एक खोली आहे. हलकी टाइल मजुरीसह ६० रुपये चौरस फुटाने बसली तर खर्च ७,२०० रुपये. चांगली दगडी फरशी १०० रुपयांनी बसली तर १२,००० रुपये. सभेत पहिला आकडा जिंकतो. पण हलकी टाइल सहा वर्षांनी बदलावी लागली, तर अठरा वर्षांत ती तीनदा बसवावी लागेल : २१,६०० रुपये. दोनदा उखडणे आणि राबिट टाकणे, प्रत्येकी १,५०० धरून ३,००० रुपये. दोन्ही वेळी खोली एक महिना रिकामी, भाडे ३,००० प्रमाणे ६,००० रुपये. एकूण ३०,६०० रुपये. दगडी फरशीला त्याच काळात दोनदा पॉलिश, चौरस फुटाला १५ रुपयांनी ३,६०० रुपये; एकूण १५,६०० रुपये. पॉलिशचे काम एक-दोन दिवसांत होते आणि भाडेकरूला जागा सोडावी लागत नाही.

हा हिशेब प्रत्येक ठिकाणी दगडाच्याच बाजूने जाईल असे नाही. खाणीपासून फार दूर असलेल्या गावी दगडाची वाहतूक इतकी पडते की चांगल्या मॅट व्हिट्रिफाइड टाइल्स योग्य ठरतात. वरच्या मजल्यावर जाड दगडाचे वजनही विचारात घ्यावे लागते. पण हिशेब अठरा वर्षांचा करावा, एका दिवसाचा नव्हे.

गाळ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. आठही गाळ्यांना एकच फरशी घालण्याचे काही कारण नाही. चहाच्या हॉटेलाला खरखरीत दगड आणि गटाराकडे स्पष्ट उतार हवा. मोटारसायकल दुरुस्तीच्या गाळ्यात हातोडा, जॅक आणि तेल. तेथे जाड कोबाच बरा. बॅटरीचे काम चालते तेथे चुनखडकाची फरशी घालू नये. पिठाच्या गिरणीचे यंत्र फरशीवर न बसविता त्याचा पाया स्वतंत्र घ्यावा. खतांच्या दुकानात क्षार ओल धरतात, म्हणून पोती फळ्यांवरच ठेवावीत. लिलावापूर्वी गाळा कोणत्या व्यवसायाला द्यावयाचा हे ठरविले, तर फरशीचा प्रश्न निम्मा सुटतो. मोरी व न्हाणीला मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर उतार आणि सर्व भिंतींना तळाशी १० ते १५ सेंटिमीटर उंचीची फरशीची पट्टी एवढे मात्र सर्वत्र असावे. पुसण्याच्या पाण्याने गिलावा पोपडा धरतो तो या पट्टीअभावी.

करारात एक ओळ

फुटलेल्या फरशीचा खर्च कोणाचा, यावरून मालक-भाडेकरूंत जेवढे तंटे होतात, तेवढे भाड्यावरूनही होत नसतील. वर सांगितलेले घर सोडताना आमच्या अनामत रकमेतून चार टाइल्सचे पैसे कापले गेले. त्यांतील दोन आम्ही राहावयास येण्यापूर्वीच तडकलेल्या होत्या. परंतु तसे लिहून ठेवलेले नव्हते आणि मला ते सिद्ध करता आले नाही.

ज्या शहरांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे, तेथे जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवण्याचे बंधन कलम १४ अन्वये घरमालकावर आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र अशी वळती रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक होता कामा नये. याच अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणांच्या मालकीच्या जागांना हा अधिनियम लागू नाही. म्हणजे पंचायतीचा गाळेधारक या तरतुदीचा आधार घेऊ शकत नाही. त्याचे व पंचायतीचे परस्परांवरील बंधन करारनाम्यात जे लिहिले असेल तेवढेच. म्हणून तेथे तर हे अधिकच स्पष्ट लिहिले पाहिजे. ताबा देताना कोणती फरशी, कोणत्या खोलीत किती तडकलेल्या, याची एक यादी करून दोघांनी सह्या कराव्यात, मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि साधी झीज मालकाची व फोडतोड भाडेकरूची अशी ओळ करारात घालावी.

टाइल्स घेताना नेहमी एक पेटी जास्त घ्यावी. एकाच नमुन्याच्या दोन खेपांचा रंग सारखा नसतो, आणि तीन वर्षांनी तो नमुनाच मिळत नाही. पेटीवरील खेपेचा क्रमांक गाळ्याच्या नोंदवहीत उतरवून ठेवावा आणि पेटी कोठे ठेवली तेही लिहावे. नाही तर ती शाळेच्या न्हाणीघराला लागून जाते.

वर उल्लेख केलेल्या आठ गाळ्यांकडे गेल्या वर्षी पुन्हा जाण्याचा योग आला. पंचायतीने दोन वर्षांच्या भाड्याच्या उत्पन्नातून जमिनी उकरल्या होत्या, काळी माती काढून मुरूम भरला होता आणि सात गाळ्यांना शहाबादी घातली होती. भाडे थांबविलेल्या दोघांनी ते पुन्हा सुरू केले होते. आठव्या गाळ्यातील मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या तरुणाने कोबाच मागून घेतला होता, आणि त्यावर पोती ओली ठेवण्याचे काम दहा दिवस त्याने स्वतःच केले होते.